बाळ सांभाळणाऱ्या ताईंचा पगार: किती, कशाचा आणि कोणत्या अटींवर?

रेवती_औंध
पुण्यात सात महिन्यांच्या बाळासाठी ताई ठेवायच्या आहेत. वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, शनिवारी दुपारी दीडपर्यंत, रविवारी सुट्टी. ताई पुरवणाऱ्या ब्युरोने महिन्याला २२,००० सांगितले आहेत, शिवाय एका महिन्याच्या पगाराइतकी फी. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र "१५ च्या वर जाऊ नका, सगळ्यांचे रेट वाढतात" असा सल्ला मिळतोय. मला भाव पाडून घ्यायचा नाही आणि अंदाजाने आकडाही ठरवायचा नाही. पगार काढण्याची काही पद्धत आहे का? सुट्ट्या, दिवाळी, आजारपण, बँक की रोख, हेही लिहा. ज्यांना या विषयातलं माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

हिशेबनीस
रेवती, आधी तास मोजा, आकडा नंतर येतो. सोसायटीतला "रेट" हा बहुतेक वेळा वेगवेगळ्या तासांच्या, वेगवेगळ्या कामांच्या पगारांची सरमिसळ असते. कुणाची ताई सहा तास येते, कुणाची बारा, आणि ग्रुपवर दोन्ही "फुल टाइम" म्हणून नोंदलेल्या असतात.

तुमचे तास: १० × ५ = ५०, शनिवारचे ५, म्हणजे आठवड्याला ५५. महिन्याला ५५ × ५२ ÷ १२ = साधारण २३८ तास.

आता तळाचा दर. राज्याचा कामगार विभाग किमान वेतनाचे तक्ते काढतो आणि त्यातला विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो. मोजपट्टी म्हणून दुकाने व व्यापारी आस्थापनांचा तक्ता घ्या. त्यात भागांनुसार परिमंडळं असतात, पुणे महापालिकेची हद्द परिमंडळ १ मध्ये येते. चालू सहामाहीचा आकडा तिथून स्वतः बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा घेऊ नका. उदाहरणापुरता अकुशल दर १४,००० धरतो. तो २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तासांचा. तासाला ६७.३० रुपये.

४८ तासांच्या आठवड्यावर तुमचे ७ तास जादा होतात. महिन्याला ३०.३ तास, दुप्पट दराने सुमारे ४,०८३ रुपये. एकूण १८,०८३.

हा तळ झाला. याच्या खाली गेलात तर तुम्ही बाळ ज्या व्यक्तीच्या हाती देताय तिला दुकानात माल उचलणाऱ्या नवख्या कामगारापेक्षा कमी देताय.

अनिकेत७७
हिशेबनीस, दिवसाचे ८ तास धरले तर हिशेब बदलेल ना? सोमवार ते शुक्रवार रोज २ तास जादा, आठवड्याला १०.

हिशेबनीस
बदलतो, आणि तुमची पद्धत ताईंच्या बाजूने जास्त न्याय्य आहे. शनिवार पूर्ण दिवस धरायचा आणि रोजचे २ तास जादा. १० × ५२ ÷ १२ = ४३.३ तास, दुप्पट दराने ५,८३३. एकूण १९,८३३. मी तरी हाच आकडा धरेन, कारण शनिवारी अर्धा दिवस असला तरी येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च तेवढाच असतो.

याच पद्धतीने बारा तासांचं काम काढून बघा. रोज ४ तास जादा, २६ दिवस, १०४ तास, दुप्पट दराने बरोबर १४,०००. म्हणजे बारा तासांना किमान २८,०००. बारा तासांना १८ देणाऱ्या घरांनी हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने करावा.

एक गोष्ट राहिली. बाळ झोपलेलं असतानाचा वेळ कामाचाच. ताई घराबाहेर जाऊ शकत नाहीत, बाळ उठलं की त्यांनाच उठायचं असतं. जेवणाची अर्धी-पाऊण तासाची सुट्टी तेव्हाच वजा करता येते जेव्हा त्या वेळात बाळ दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असतं.

दवबिंदू
अकुशल दर हा तळ म्हणून ठीक, पण तान्ह्या बाळाचं काम अकुशल नाही. कोणत्या कौशल्याचे पैसे देताय ते नीट बघा.

वर्षाच्या आतल्या बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीला इतकं यायलाच हवं: बाटली उकळून निर्जंतुक करणं, काढून ठेवलेलं दूध कोमट पाण्यात गरम करणं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, पावडरचं दूध असेल तर डब्यावरच्या मापानेच करणं, पातळ किंवा घट्ट नाही, बाळाला पाठीवर झोपवणं, घास अडकला तर एक वर्षाखालच्या बाळाला पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थाप आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, ताप मोजणं आणि औषध फोन करून विचारल्याशिवाय न देणं. एक वर्षापर्यंत मध नाही, चमचाभरही नाही.

हे सगळं येत असेल आणि चार-पाच वर्षांचा अनुभव असेल तर तक्त्यातला कुशल दर घ्या आणि त्यावर १५ ते २० टक्के द्या. येत नसेल तर शिकवण्याची जबाबदारी तुमची. प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग असतो, त्याची फी तुम्ही भरा आणि तो दिवस भरपगारी धरा. तीन महिन्यांनी दर वाढवा.

मंजिरी
ब्युरोबद्दल. २२,००० ऐकल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा: यातले ताईंच्या हातात किती पडतात?

दोन प्रकार असतात. एकात ब्युरो एकदाच फी घेतो आणि पगार तुम्ही ताईंना थेट देता. दुसऱ्यात पैसे दर महिन्याला ब्युरोकडे जातात आणि तो स्वतःचा वाटा कापून उरलेले ताईंना देतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही २२ देता आणि त्यांना १६-१७ मिळतात. मग त्या दोन-तीन हजार जास्त देणाऱ्या घरी गेल्या की आपण म्हणतो, माणसं टिकत नाहीत. पहिला प्रकारच मागा. ब्युरो तयार नसेल तर निदान ताईंच्या हातची रक्कम करारात लिहून घ्या.

आणखी बघायचं:
- फी तुमच्याकडून घेऊन शिवाय ताईंच्या पहिल्या पगारातूनही कापतात का. कापत असतील तर तसं करायचं नाही हे लेखी घ्या.
- "रिप्लेसमेंट" किती महिने आणि किती वेळा. अकरा महिन्यांच्या करारात दोनदा असं बऱ्याचदा असतं, पण बदली किती दिवसांत देणार हे लिहिलेलं नसतं. तोच मुद्दा महत्त्वाचा.
- पहिल्या पंधरा दिवसांत जमलं नाही तर फी परत मिळते की फक्त बदली.

ओळखीतून ताई मिळाल्या तर ब्युरोची फी वाचते. ती रक्कम पहिल्या वर्षाच्या दिवाळीसाठी बाजूला ठेवा.

उमा_ठाणे
रेवती, घरकाम यात आहे का? तुमच्या पोस्टमध्ये दिसलं नाही.

रेवती_औंध
भांड्यांना आणि केर-लादीला वेगळ्या मावशी येतात. पण बाळाचे कपडे, बाळाचं खाणं आणि "जमलं तर संध्याकाळचा कुकर लावणं" असं डोक्यात होतं.

उमा_ठाणे
"जमलं तर" काढून टाका. सगळी भांडणं त्या दोन शब्दांतून होतात.

बाळाचं काम म्हणजे बाळाचं खाणं (खिमट, नाचणीसत्त्व, भाज्या वाफवणं), बाळाची भांडी-बाटल्या, बाळाचे कपडे धुऊन घड्या, पाळणा आणि खेळणी पुसणं, फिरवून आणणं. इथे थांबायचं. कुकर, पोळ्या, इस्त्रीचे कपडे घेणं, पार्सल उतरवून आणणं, आजोबांना चहा-औषध देणं हे प्रत्येक वेगळं काम आहे आणि प्रत्येकाचा वेगळा पैसा आहे. तुमच्या भागात नुसत्या कुकर-पोळ्यांना स्वयंपाकाच्या मावशी जे घेतात त्याच्या निम्मे तरी द्यावे लागतील.

पैशाइतकाच सुरक्षेचा प्रश्न आहे. तुमचं बाळ महिन्या-दोन महिन्यांत रांगायला लागेल. ताई गॅसपाशी असताना बाळ कुठे असणार? कडेवर घेतलं तर वाफ आणि तेल, खाली ठेवलं तर नजरेआड. संध्याकाळी सहाला बाळ सर्वांत चिडचिडं असतं आणि कुकरची वेळ नेमकी तीच. माझं मत स्पष्ट आहे, बाळ जागं असताना ताईंना ओट्यापाशी उभं करू नका, जादा पैसे देऊनसुद्धा नाही.

कष्टकरी_साथी
मी घरकामगारांच्या नोंदणीचं काम करते, त्यामुळे सुट्ट्या आणि सोयींबद्दल लिहिते. जरा लांब होईल.

सुट्ट्या: साप्ताहिक सुट्टी पगारीच. त्याशिवाय वर्षाला किमान १८ भरपगारी रजा, महिन्याला दीड या हिशेबाने. सणाच्या सुट्ट्या वेगळ्या: गौरी-गणपतीचे दोन-तीन दिवस, दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज, संक्रांत, गावची जत्रा. ताई बौद्ध असतील तर १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, मुस्लिम असतील तर दोन्ही ईद. तारखा वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर दोघींनी मिळून लिहायच्या.

आजारपणाची रजा कापू नका. कापलीत तर ताप असतानाही ताई येतील, कारण एका दिवसाचे सातशे-आठशे रुपये त्यांना परवडत नाहीत, आणि तो ताप दोन दिवसांनी बाळाला येईल.

तुम्ही गावाला गेलात तर त्या दिवसांचा पगार पूर्ण द्यायचा. त्या कामाला तयार होत्या, तुम्ही घरी नव्हता. दहा दिवसांसाठी त्यांना दुसरं काम मिळत नाही आणि महिन्याचं घरभाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. "तेवढी तुमची रजा धरू" हेही चालणार नाही, रजा त्यांच्या गरजेने घ्यायची असते.

दिवाळी: एक महिन्याचा पगार. वर्ष पूर्ण नसेल तर महिन्यांच्या प्रमाणात, आठ महिने झाले तर पगाराचे ८/१२. धनत्रयोदशीच्या निदान आठवडाभर आधी द्या, बाजार त्यांनाही करायचा असतो. साडी आणि फराळ वेगळा, तो पगारात मोजू नका.

विमा: प्रधानमंत्री जीवनज्योती वर्षाला ४३६ रुपये (वय १८ ते ५०, २ लाखांचं कवच), सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये (वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख). दोन्ही मिळून ४५६ रुपये, ते तुम्ही भरा. हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप जातो. त्या वेळी खात्यात शिल्लक नसली की विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते गरज पडते तेव्हाच कळतं. मेच्या सुरुवातीला देता त्या पगारासोबत ४५६ वेगळे टाका आणि खात्यात राहू द्यायला सांगा.

पेन्शन: श्रमयोगी मानधन योजनेत वय १८ ते ४० आणि महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत अशी अट आहे. तुमच्या पगारावर ताई त्यात बसत नाहीत. चाळिशीच्या आत असतील तर अटल पेन्शन बघा. चाळिशी ओलांडली असेल तर पोस्टात त्यांच्या नावाने पाच वर्षांची आरडी उघडा. महिन्याला १,००० तुमच्याकडून, पगाराच्या वर.

नोंदणी: महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंद होते. त्यासाठी तुमचं, म्हणजे जिथे काम करतात त्या घराचं प्रमाणपत्र लागतं. अनेक सुशिक्षित घरं ही एक सही द्यायला कचरतात. काम करतात एवढंच त्यात लिहायचं आहे. कृपा करून सही द्या. नोंद दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, ते विसरू नका. ई-श्रमचं (असंघटित कामगारांच्या केंद्र सरकारच्या नोंदणीचं) कार्डही काढून घ्या, ते मोफत आहे, स्वतः ऑनलाइन काढायचं तर आधारला जोडलेला मोबाइल लागतो.

अनिकेत७७
रजा संपल्यावर खाडा झाला तर पगार ३० ने भागायचा की २६ ने? आमच्याकडे यावरून दर महिन्याला वाद ऐकू येतात.

हिशेबनीस
२०,००० वर ३० ने ६६७ येतात, २६ ने ७६९. लोक खाडा कापताना २६ ने भागतात आणि रविवारी बोलावलं की ३० ने देतात. हे अन्यायाचं आहे. एकच भाजक दोन्हीकडे वापरा. माझी सूचना २६ चीच, कारण तळाचा दर काढताना आपण २६ च धरले. पण मग रविवारी बोलावलं तर ७६९ चे दुप्पट, १,५३८, आणि शिवाय बदली सुट्टी.

उशिराचंही आत्ताच ठरवा. हिंजवडीहून निघालेला माणूस साडेसहाला औंधात पोचेलच असं नाही. पहिली पंधरा मिनिटं सोडून पुढे अर्ध्या अर्ध्या तासाचा टप्पा, तासाला जादा दराने. वरच्या उदाहरणात १३५ रुपये तास. रात्री नऊनंतर रिक्षाचं भाडं तुमचं. डायरीत त्याच दिवशी लिहायचं, महिनाअखेरीला आठवून नाही.

मंजिरी
बँक की रोख हे राहिलं. बऱ्याच ताई खात्यावर पैसे नको म्हणतात, त्याचं कारण समजून घ्या. रेशनकार्ड आणि लाडकी बहीण या दोन्हींची भीती असते. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. २०,००० ने वर्षाचे २,४०,००० होतात, त्यात नवऱ्याची कमाई धरली की मर्यादा सहज ओलांडते. मर्यादा उत्पन्नाची आहे, पैसे रोख दिल्याने ती बदलत नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. पण निर्णय त्यांचा. त्यांच्या वतीने सल्ला देऊन जबरदस्ती करू नका.

खात्यावर देणार असाल तर खातं खरंच त्यांचं आहे ना ते बघा. बऱ्याचदा दिलेला नंबर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनचा असतो आणि पगार त्यांच्या हाती येतच नाही. रोख देणार असाल तर दोन वह्या, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, दोन्हींवर दोघींची सही. पगार १ तारखेला, उशिरात उशिरा ५.

उमा_ठाणे
उचल मागितली तर?

कष्टकरी_साथी
द्या, पण मर्यादेत. एका पगाराएवढी, बिनव्याजी, पाच हप्त्यांत. महिन्याचा हप्ता पगाराच्या पाचव्या भागाहून जास्त नको, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा उचल लागते. "पैसे फिटेपर्यंत काम सोडायचं नाही" अशी अट घालू नका. कर्जापोटी माणूस अडकवून ठेवणं वेठबिगारीत मोडतं आणि त्यावर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. आधार, पॅन, पासबुक यांची मूळ प्रत कधीही ठेवून घेऊ नका. पोलीस पडताळणीला प्रत पुरते.

पडताळणीत वयही बघा. वयाचा पुरावा मागताना संकोच नको. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि अठराच्या आतल्या मुलीच्या हाती तान्हं बाळ सोपवूच नये.

दवबिंदू
तब्येतीच्या तपासण्या: छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांची एक भेट, खर्च तुमचा. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) एकदा, तीही तुमच्या खर्चाने, त्यांच्या संमतीने. गर्भचाचणी मागू नका, तो तुमचा विषय नाही.

कॅमेरा लावणार असाल तर कुठे आहे ते पहिल्या दिवशी दाखवा. त्या जिथे कपडे बदलतात, पडतात तिथे नको.

आणि जेवण. दहा तासांच्या कामात एक जेवण, दोन चहा, घरात शिजतं तेच, घरातल्याच ताटात. पगारातून वजा नाही. घरातलं स्वच्छतागृह वापरायची मोकळीक. ज्या हातांनी बाळ जेवतं त्या हातांसाठी वेगळा कप ठेवणारी घरं अजून आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

रेवती_औंध
खूप स्पष्ट झालं. कुकर काढून टाकला. ताई पाच वर्षं अनुभवी आहेत, घासाचं आणि बाटल्यांचं सगळं येतं. मग असं धरते: हातात २३,५००, ब्युरोला फक्त एकदाची फी, आरडीचे १,००० वेगळे. सात दिवस चाचणीचे, तेही पगारी. वाढ कशी ठरवू? आणि बाळ अडीच वर्षांचं होऊन प्ले-ग्रुपला गेलं की तास कमी होतील, तेव्हा काय करायचं?

हिशेबनीस
२३,५०० योग्य वाटतो, फक्त तो आजच्या तक्त्यातल्या कुशल दराशी एकदा ताडून बघा. वाढ वर्षातून एकदा, ८ ते १० टक्के, रुजू झाल्याच्या महिन्यात, न मागता. दुसरं बाळ आलं तर त्या दिवसापासून २५ ते ३० टक्के, पुढच्या वाढीची वाट न बघता.

तास कमी होणार हे तुम्हाला प्रवेश घेताना, म्हणजे बरेच महिने आधी कळतं. त्यांनाही तेव्हाच सांगा. दोन पर्याय ठेवा. एक, बाळ शाळेत असतानाचे तीन तास मोजून पगार तोच, कारण शाळेतून फोन आला तर जाणाऱ्या त्याच आहेत. दोन, त्या दुपारी येतील, तास नव्याने मोजायचे, पण तासाचा दर खाली आणायचा नाही. उलट थोडा वाढवा, अर्ध्या दिवसाला जोडीचं काम मिळणं अवघड असतं.

काम थांबवायचंच झालं तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार. त्यावर सेवेचे पैसे. ग्रॅच्युइटीचा कायदा घराला लागू नाही, पण सूत्र उत्तम आहे: शेवटचा पगार × १५ ÷ २६ × वर्षं. कायद्यातली पाच वर्षांची अट इथे लावू नका, बाळ सांभाळण्याचं काम सहसा तितकं चालतच नाही. २३,५०० वर दोन वर्षांचे २७,११५ होतात. तेवढ्यासाठी आत्तापासून महिन्याला १,१३० रुपये वेगळ्या खात्यात टाकत राहा, पगार वाढला की तेही त्या प्रमाणात वाढवा. उरलेल्या रजांचे पैसे आणि दिवाळीचा प्रमाणशीर वाटा धरून सगळं शेवटच्या दिवशीच द्या.

कष्टकरी_साथी
त्याच दिवशी अनुभवपत्रही द्या. काम कधीपासून कधीपर्यंत केलं, बाळाचं वय किती होतं, काय काय येतं आणि तुमचा फोन नंबर, एवढं पुरतं. मराठीतच लिहा, त्यांना वाचता येईल असं, आणि दोन प्रती सही करून द्या. एक ब्युरोवाले ठेवून घेतात.